शीड उभारलं की पंखा मिटलाच पाहिजे

शिडाच्या होडीला तीन पात्यांचा फिक्स पंखा लावावा आणि त्याचा विचार सोडून द्यावा, असा सल्ला मुंबईपासून गोव्यापर्यंत कुणीही कुणालाही देतो. देणारी माणसं बहुधा अनुभवी असतात, त्यामुळे ऐकणारा उलट विचारत नाही. त्यांचं म्हणणं असं: फोल्डिंग आणि फेदरिंग पंखे ही शर्यतवाल्यांची चैन आहे. अर्ध्या नॉटनं कुणाचं काही अडत नाही. जिथे सांधा आला तिथे बिघाड आला. होडी मागे घेताना असले पंखे दगा देतात. पैसे अनेक पट जातात. आपल्याकडे वारा तरी कुठे आहे? तो पडला की इंजिन आहेच. शिवाय आपले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या फिक्स पंख्यावर दर्यात जातात, त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं काय?

हे सगळं म्हणणं मला मुळापासून चूक वाटतं. त्यानं होडीच्या मालकाचे पैसे वाचत नाहीत, होडी सुरक्षित होत नाही, आणि ज्या शिडासाठी त्यानं होडी घेतली ते शीड मात्र निकामी होत जातं.

मी आष्ट्याचा. कृष्णा आणि वारणा यांच्या मधलं, सांगली–पेठ रस्त्यावरचं हे उसाचं गाव. समुद्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे घाटावरच्यानं पंख्याबद्दल बोलू नये, हेही मला ऐकवलं जातं. पण पाण्यात फिरणारं पातं आमच्या भागात कुणाला नवं आहे? नदीवरून पाणी उचलणाऱ्या पाणीपुरवठा संस्थांवर इथली शेती उभी आहे. पंपाला चुकीचा इंपेलर बसला की मोटार तापते, बिल वाढतं आणि शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, हे इथला शेतकरी कागद-पेन्सिल न घेता सांगतो. 1910 साली वसलेली किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात आहे आणि पंप म्हटला की देशाला तिचं नाव आठवतं. इंजिन, पातं आणि पाणी यांचा मेळ बसला पाहिजे, हा विचार समुद्राकाठच्या माणसाची मक्तेदारी नाही. पाण्याचे नियम वारणेत आणि अरबी समुद्रात एकच आहेत.

आधी हे पंखे काय आहेत ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांपैकी बरेच जण दोन्ही एकाच नावानं उडवून लावतात. फोल्डिंग पंख्याची पाती बुडाशी बिजागरीवर बसवलेली असतात. शाफ्ट फिरला की केंद्रापसारक बलानं ती बाहेर फेकली जातात आणि उघडतात. इंजिन बंद झालं की मागे सरकणारं पाणी त्यांना एकमेकांकडे दाबून मिटवतं. फेदरिंग पंख्याची पाती मिटत नाहीत. ती आपल्या उभ्या अक्षाभोवती वळतात आणि प्रवाहाला आडवी असलेली पाती धारेनं प्रवाहाच्या रेषेत येऊन उभी राहतात. पहिल्या प्रकारात डेन्मार्कचे गोरी आणि फ्लेक्सोफोल्ड हे पंखे जगभर चालतात, दुसऱ्या प्रकारात इटलीचा मॅक्स-प्रॉप. दोघांचं काम एक: शिडावर जाताना पंख्यानं पाणी अडवू नये.

आता चैनीचा मुद्दा. शिडावर चालताना पाण्यातली यंत्रणा दूर करायची, ही काय कालपरवाच्या श्रीमंत यॉटवाल्यांनी काढलेली गोष्ट आहे? कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गलबतं वल्ही आणि शीड दोन्हींवर चालत. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ही पाण्यात उतरत आणि गलबतं गुराब जातीच्या जड जहाजांनाही ओढून नेत. वारा भरला की वल्ही वर घेतली जात. वल्ही पाण्यातच सोडून शीड उभारा, असं त्या आरमारातल्या एखाद्या तांडेलाला कुणी सांगितलं असतं, तर त्यानं ऐकून घेतलं असतं का? फिक्स पंखा लावून शिडावर जाणं म्हणजे नेमकं हेच करणं आहे. वाऱ्यावर चालायचं, आणि वारा नसतानाचं साधन आडवं धरून पाण्यातून ओढत न्यायचं.

वाफेचं इंजिन आलं तेव्हाही जहाजबांधणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून कळलं होतं. 1836 साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन यांनी स्क्रू पंख्याची वेगवेगळी पेटंटं घेतली. त्यानंतर पंचवीस वर्षं व्हायच्या आत, 1860 साली, ब्रिटिश आरमाराची ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका पाण्यात उतरली. तिचा पंखा विहिरीसारख्या उभ्या पोकळीतून वर उचलून घेता येई. हे काम हातानं, दोर ओढून करावं लागे आणि त्याला शेकडो खलाशी लागत. एवढा खटाटोप कशासाठी? शिडावर जाताना तो टनावारी वजनाचा पंखा पाण्यात राहू नये म्हणून. ज्या आरमाराला कोळशाची आणि माणसांची कमी नव्हती, त्यानं हा त्रास हौसेनं घेतला असेल का? आज तेच काम एक बिजागरी आणि दोन पाती करतात, आणि त्याला आपण चैन म्हणायचं!

पंखा किती ओढतो याचा ढोबळ हिशेब कुणालाही करता येतो. दहा मीटरच्या आसपासच्या होडीला सोळा इंची पंखा लागतो असं धरा. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 0.13 चौरस मीटर. तीन पात्यांनी त्यातलं निम्मं व्यापलं, तर 0.065 चौरस मीटर इतका धातू पाण्याला आडवा उभा आहे. पाच नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे 2.57 मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता घेऊन, अडवणुकीचा गुणांक एक धरून गणित मांडलं, तर अडवलेला पंखा वीस-बावीस किलोच्या जोरानं होडीला मागे खेचतो. आकडा दोन-चार किलो इकडेतिकडे होईल. पण वीस किलोची ओढ मागे बांधून कुणी शीड ताणून बसतं का? जो मालक शिडाच्या कापडावर, होडीच्या बुडाच्या रंगावर, दोराच्या जाडीवर तासन्‌तास बोलतो, तो या वीस किलोंबद्दल गप्प का असतो?

यावर दोन उत्तरं हमखास येतात, आणि दोन्ही अभ्यास केल्यासारखी वाटतात म्हणून जास्त घातक आहेत.

पहिलं उत्तर: ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, मग वारा कमी असताना, दोन-तीन नॉटला, ती नगण्यच होणार. ओढ वर्गानं वाढते हे बरोबर आहे. निष्कर्ष साफ चुकीचा आहे. होडीचा स्वतःचा अडथळा मुख्यतः दोन गोष्टींचा असतो, बुडाला पाणी घासण्याचा आणि होडी जी लाट उठवते तिचा. वेग वाढला की लाटेचा वाटा झपाट्यानं चढतो आणि इतर सगळं त्याच्यापुढे लहान होतं. पण मंद वाऱ्यात लाट जवळजवळ नसतेच. तेव्हा उरतं ते बुडाचं घर्षण आणि पंख्याची ओढ, आणि दोन्ही साधारण वर्गाच्याच हिशेबानं कमी झालेली असतात. म्हणजे एकूण अडथळ्यातला पंख्याचा वाटा सर्वांत मोठा कधी असतो? नेमका मंद वाऱ्यात. सोसाट्याच्या वाऱ्यात फिक्स पंखा फारसा जाणवणार नाही, झुळकीत तो होडीचं शीड निकामी करेल.

आणि आपला वारा कसा आहे? पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, तो मंद असतो. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा भरतो. मधले तास जवळजवळ पडलेले. यॉटवाल्यांचा सगळा हंगाम याच महिन्यांत. ‘आपल्याकडे वारा कुठे आहे’ हे फिक्स पंख्याच्या बाजूचं कारण म्हणून सांगितलं जातं, तेव्हा सांगणाऱ्यानं आपलाच दावा खोडलेला असतो. वारा थोडा आहे म्हणूनच त्यातला थेंब न्‌ थेंब वापरला पाहिजे. मिटलेला पंखा असेल तर पहाटेच्या मतलईवर होडी अडीच-तीन नॉटनं सरकते. फिक्स पंखा असेल तर मालक कंटाळून चावी फिरवतो, आणि मग सांगतो की आपल्याकडे वारा नाही.

अर्धा नॉट! या अर्ध्या नॉटची जितकी हेटाळणी होते तितकी दुसऱ्या कुठल्या आकड्याची होत नसेल. मुंबईहून गोव्याला समुद्रमार्गे साधारण सव्वादोनशे सागरी मैल. चार नॉटनं छप्पन्न तास, साडेचार नॉटनं पन्नास. सहा तास म्हणजे दोघांच्या होडीवर प्रत्येकाच्या वाट्याला तीन तासांची झोप. रात्री मासेमारीच्या होड्यांमधून वाट काढणाऱ्या माणसाला झोपेची किंमत विचारा. बंदरातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा प्रवाह दोन नॉटपर्यंत सहज जातो. त्याच्या विरुद्ध होडी पाण्यातून अडीच नॉटनं चालली तर जमिनीच्या हिशेबानं ती अर्धा नॉटच पुढे जाते. तीन नॉटनं चालली तर एक नॉट. अर्ध्या नॉटनं इथे वेळ निम्मा केला. याला ‘काही अडत नाही’ म्हणायचं?

लांबच्या सफरीत तर हिशेब आणखी कठोर होतो. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता, तेवीस हजारांवर सागरी मैल कापून, 31 मार्च 2013 ला परतले. अशा न थांबता केलेल्या प्रदक्षिणेत होडी पुढे नेण्यासाठी इंजिन वापरता येत नाही. म्हणजे पाच महिने पंखा हे निव्वळ ओझं. पाच महिन्यांच्या सफरीत वेग फक्त पाच टक्क्यांनी घटला तरी आठवडाभर जास्त लागतो, आणि तो आठवडा शिध्यातून आणि पिण्याच्या पाण्यातून काढावा लागतो. आपल्याच लोकांनी आपल्याच किनाऱ्यावर बांधलेल्या होडीनं जग फिरून दाखवलं, आणि आपण अजून ‘शर्यतवाल्यांची चैन’ हेच पालुपद धरून बसलो आहोत.

दुसरं उत्तर असं की पंखा अडवू नका, मोकळा फिरू द्या. फिरला की ओढ संपते. मोकळा फिरणारा पंखा अडवलेल्या पंख्यापेक्षा कमी ओढतो, एवढं खरं. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील मॅकेन्झी आणि फॉरेस्टर यांनी शिडाच्या होड्यांच्या पंख्यांची ओढ मोजून 2008 साली आपला निबंध छापला, त्यातही हेच निघालं. पण कमी होणं आणि संपणं यांत अंतर आहे. पंख्याला फिरवणारी ताकद कुठून येते? होडीच्याच चालीतून. शाफ्टच्या बुशमध्ये, ग्लँडमध्ये, गिअरबॉक्सच्या तेलात जेवढं घर्षण, तेवढी किंमत होडी मोजते. रात्रभर फिरणारा शाफ्ट बुश झिजवतो, ग्लँड गळायला लावतो आणि खाली झोपलेल्याच्या कानाशी घरघरत राहतो. काही गिअरबॉक्सना वंगणाचं तेल पोचवणारा पंप इंजिन चालू असेल तेव्हाच चालतो. तिथे इंजिन बंद ठेवून शाफ्ट फिरत राहिला, तर आतले भाग कोरडे घासतात. गिअरबॉक्सचं पुस्तक न उघडता ‘फिरू द्या हो’ म्हणणाऱ्यानं दुरुस्तीचं बिल भरायचं कबूल केलंय का?

मच्छीमारांचा दाखला मात्र मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात मच्छीमारांच्याच शहाणपणाचा अपमान आहे. ट्रॉलर बंदरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत इंजिनवर चालतो. जाळं ओढायला त्याला जोर हवा, तोही तासन्‌तास, सारखा. त्याच्या पंख्याला मिटायची वेळच येत नाही. त्यासाठी रुंद पात्यांचा, जाड, फिक्स पंखा हीच योग्य निवड आहे आणि मच्छीमारांनी ती अचूक केली आहे. त्यांचं शिकायचं असेल तर ‘कामाला साजेसा पंखा घ्या’ हे शिकायला हवं. ‘ट्रॉलरचा पंखा शिडाच्या होडीला लावा’ हे त्यांनी कधी सांगितलं?

त्यांच्या जाळ्यांचा विचार केला तर फिक्स पंख्याची बाजू आणखी लंगडी पडते. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर डोल जाळी आहेत, गिलनेट आहेत, तरंगते बोये आणि त्यांचे दोर आहेत, आणि गेल्या काही वर्षांत तुटलेल्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे सगळीकडे वाहत असतात. शिडावर जाताना मोकळा फिरणारा तीन पात्यांचा पंखा असा दोर सापडला की गुंडाळतच जातो. मिटलेल्या फोल्डिंग पंख्यावर दोराला धरायला जागा फारशी नसते, बहुतेक वेळा तो घसरून मागे जातो. एका मच्छीमाराचं जाळं वाचतं, आपला शाफ्ट वाचतो, आणि रात्री दर्यात सुरी घेऊन बुडी मारायची वेळ येत नाही. फेदरिंग पंख्याची पाती मात्र वळल्यावरही बाहेर उभीच असतात, त्यांच्यात दोर अडकू शकतो. आपल्या किनाऱ्यासाठी मी फोल्डिंगला झुकतं माप देतो, त्याचं हे एक मोठं कारण.

सांधा आला की बिघाड आला, हे ठीक. मग डोलकाठी, सुकाणू, विंच, गिअरबॉक्स यांत सांधे नाहीत का? त्यांना तेल-ग्रीस देतोच ना? फोल्डिंग पंख्याची पिन आणि दाते, फेदरिंगचा दात्यांचा गड्डा आणि ग्रीस, दोन्हींचा जस्ताचा अ‍ॅनोड, हे वर्षातून एकदा बघावं लागतं. युरोपातल्या माणसाला त्यासाठी होडी मुद्दाम बाहेर काढावी लागते, म्हणून तो कुरकुरला तर समजू शकतो. आपल्याला काय अडचण? पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या कुणाचा नसतो, आणि यॉटही पावसाळ्यात वर घेतल्या जातात. जी होडी दर वर्षी महिनोन्‌महिने जमिनीवर उभी असते, तिच्या पंख्याला ग्रीस द्यायला वेळ नाही, असं कुणी सांगावं? आपल्या कोमट पाण्यात शिंपले आणि शेवाळ भराभर चढतं. ते फिक्स पंख्यावरही चढतं आणि त्याचाही जोर घटवतं. साफसफाई दोघांनाही चुकत नाही.

धातूची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर सोपं आहे. मँगनीज ब्राँझ नावानं विकलं जाणारं पुष्कळसं प्रत्यक्षात पितळच असतं. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि पातं लालसर, भुसभुशीत होतं. निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा पंखा घ्यावा आणि विक्रेत्याकडून धातू कोणता ते लिहून घ्यावं. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या फौंड्रीत काम करणारा कुणीही हेच सांगेल. आणि या पट्ट्यात अवघड ओतीव काम करणारे, दाते पाडणारे, तोल साधणारे कारागीर असताना, ‘परदेशी वस्तू आहे, दुरुस्त होत नाही’ ही हाकाटी मला पटत नाही. पिन झिजली तर पिन बनते, बुश झिजला तर बुश बनतो.

राहिला होडी मागे घेण्याचा मुद्दा. विरोधकांचा हा एकच मुद्दा वजनदार आहे, आणि तोही निम्माच. फोल्डिंग पंखा मागे फिरताना त्याचा स्वतःचा रेटा पात्यांना मिटवायला बघतो आणि फिरण्याचं केंद्रापसारक बल त्यांना उघडं ठेवतं. म्हणून त्याला मागे घेताना इंजिनचे फेरे जास्त द्यावे लागतात. जुन्या, दाते नसलेल्या दोन पात्यांच्या पंख्यांत तर एक पातं उघडे आणि दुसरं लोंबकळत राही, त्यानं शाफ्ट थडथडायचा. बदनामी तिथून सुरू झाली. आजच्या पंख्यांत पाती दात्यांनी एकमेकांत गुंतलेली असतात, एक उघडलं की दुसरं उघडतंच. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या दोषावर आजच्या पंख्याला दोषी ठरवणं हा कुठला न्याय? आणि मागे घेण्याचा जोर सर्वांत महत्त्वाचा असेल, तर फेदरिंग आहेच. त्याची पाती उलट फिरताना पूर्ण वळतात आणि धार पुन्हा पुढेच राहते, त्यामुळे पुढचा आणि मागचा जोर जवळपास सारखा मिळतो. मागे जाताना तो फिक्स पंख्यालाही हरवतो. ‘असले पंखे मागे दगा देतात’ म्हणणाऱ्याला दोन प्रकारांतला फरकच ठाऊक नाही.

त्यातही हा जोर आपल्याला किती लागतो? भूमध्य समुद्रातल्या मरिनात होडी दोन होड्यांच्या फटीत उलटी घुसवावी लागते, तिथे तो दर दिवशी लागतो. कोचीच्या बोळगट्टीसारखी एखादी जागा सोडली तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तशा दाट मरिना नाहीत. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे, पण गेटवेसमोर होड्या अजून बोयांवरच झुलतात. आपल्याला मागचा जोर लागतो तो मुख्यतः नांगर वाळूत रुतवायला आणि जेट्टीशी थांबायला. चांगला फोल्डिंग पंखा हे काम थोडे जास्त फेरे देऊन करतो. युरोपातल्या अडचणीवरून आपल्या किनाऱ्याची निवड ठरवायची कशाला?

पैशांबद्दल थोडक्यात. फिक्सच्या मानानं या पंख्याला दुप्पट-तिप्पटीपासून पाच-सहा पटींपर्यंत पैसे पडतात. ते एकदाच पडतात. नवं, भारी कापडाचं शीड शिवून घ्यायलाही पैसे पडतात, ते उन्हानं काही वर्षांत विटतं, आणि त्याला कुणी चैन म्हणत नाही. त्या शिडातून मिळणारा वेग फिक्स पंखा मागून काढून घेतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत आमच्या नदीकाठच्या गावांनी होडी म्हणजे काय ते पाहिलं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि बाहेर पडू पाहणारी माणसं बुडाली. पुराच्या पाण्यात पंख्यापुढे काय येतं? ऊस, काटेरी तार, ठिबकच्या नळ्या, झाडांच्या फांद्या, दोर. तिथे शिडाचा प्रश्न नाही, मिटणाऱ्या पंख्याचाही नाही. पंख्याभोवती कडं असावं का, पाण्याचा झोत मारणारं इंजिन घ्यावं का, हे तिथले प्रश्न आहेत. पण होडी विकत घेताना ‘पंखा काय, कुठलाही चालतो’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पाण्यात आणि माणसात जी वस्तू उभी आहे, तिच्याबद्दल इतकं बेफिकीर राहता येत नाही, नदीत नाही आणि दर्यातही नाही. त्या बेफिकिरीला अनुभव म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे.

म्हणून माझी निवड स्पष्ट सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या आठ ते बारा मीटरच्या शिडाच्या होडीला, जिचा पंखा उघड्या शाफ्टवर किंवा सेलड्राइव्हवर आहे, दात्यांचा फोल्डिंग पंखा लावावा. इंजिन लहान असेल तर दोन पात्यांचा, मोठं असेल तर तीन. पुढे जाताना त्याच्या पिळाच्या पात्यांचा जोर फिक्सच्या अगदी जवळ येतो, ओढ सर्वांत कमी, जाळ्यांचा धोका कमी. जड, लांब कण्याची होडी, जिचा पंखा कणा आणि सुकाणू यांच्यामधल्या खिडकीत बसतो, तिला फेदरिंग घ्यावा, कारण तिथे मिटून मागे जाणाऱ्या पात्यांना जागा नसते, आणि अशा होडीला थांबवायला मागचा जोरही जास्त लागतो. फेदरिंगची पाती दोन्ही दिशांना चालावी लागतात म्हणून सपाट असतात, त्यामुळे पुढच्या चालीत थोडं नुकसान होतं. ते सोसावं. त्याचा पिच बदलता येतो, हा फायदा मोठा आहे. शिडावर चालताना पंख्यानं बॅटरी भरून घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी, त्याला खास वेगळे पंखे आहेत. बाकी कुणालाही फिक्स पंख्याची शिफारस करण्याचं कारण मला दिसत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी होडी वर घ्याल, तेव्हा दुकानदाराला फोन करण्यापूर्वी स्वतः मापं घ्या. शाफ्टचा व्यास, त्याचा टेपर आणि चावीची खाच. पंखा उजवा फिरतो की डावा. गिअरबॉक्सचं प्रमाण, इंजिनची अश्वशक्ती आणि पूर्ण थ्रॉटलला त्यानं गाठायचे फेरे. पात्याच्या टोकापासून बुडापर्यंतचं अंतर, ते पंख्याच्या व्यासाच्या दहा टक्क्यांहून कमी नसावं. आणि पंखा मिटल्यावर सुकाणूला लागणार नाही ना, तेही. हे आकडे वहीत लिहून पंखा बनवणाऱ्याला पाठवा, आणि ‘फिक्स लावा आणि विसरा’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.